पाठमोऱ्यानं घेतलेलं नाव

तांडेलकाकांसमोर काहीही ठेवा, ते त्याचे वाटे घालायचे. केळ्यांची फणी असो, सोसायटीच्या पूजेचा शिरा असो, कुणाच्या गावाहून आलेली बोरं असोत. इतकंच काय, उन्हाळ्यात टँकर आला की कुणाच्या किती बादल्या हेसुद्धा तेच ठरवायचे. वाटे घालताना ते बोलायचे नाहीत. सगळे ढीग लागले की मागे सरकून, डोळे बारीक करून बघायचे आणि एखादं बोर या ढिगातून उचलून त्या ढिगात टाकायचे. मग आमच्यापैकी कुणाला तरी पाठ फिरवून उभं करायचं, एका ढिगावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, "ह्यो कोनाचा?" पाठमोऱ्यानं एक नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याचा वाटा. कुरकुर करायची सोयच नव्हती. सगळ्यांची नावं झाली की उरलेला शेवटचा ढीग काकांचा.

माझ्यासारखी तोंडाळ बाईसुद्धा त्या वाट्यांपुढे गप्प बसायची. एकदा न राहवून मी म्हटलं, "काका, सरळ ज्याच्या-त्याच्या हातात द्या की. पाठ फिरवायचं नाटक कशाला?" ते म्हणाले, "टीचरबाय, हातात दिला तर देनारा दिसतो. देनारा दिसला की भांडान व्हतं." हे मला इतकं पटलं की शाळेच्या स्टाफरूममध्ये दिवाळीच्या फराळाच्या वेळी मी तसे वाटे घालून पाहिले. आमच्याकडे तरीही भांडण झालंच, पण तो दोष पद्धतीचा नव्हता.

आमची इमारत भाईंदर पूर्वेला, गोडदेव नाक्याच्या आतल्या गल्लीत. काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या मुलीकडे, सुमनकडे राहायचे. आधार कार्डावर त्यांचं काहीतरी चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीचा मुख्य. बोट कुठं न्यायची, जाळं कधी टाकायचं, किनाऱ्याला लागल्यावर कुणाला किती द्यायचं, सगळं त्याच्या शब्दावर. काकांची बोट विकून काही वर्षं झाली होती. खाडीत मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त येऊ लागलं, तशात काकी आजारी पडल्या आणि गेल्या. खाडीकाठच्या जुन्या घरी एकट्यानं काय करणार म्हणून सुमन त्यांना इकडे घेऊन आली. बोट गेली, पण तांडेल हे नाव काही गेलं नाही.

रोज सकाळी ते पुलावरून चालत पश्चिमेला जायचे, जेटीवर आपल्या जुन्या खलाशांजवळ बसायचे आणि उन्हं चढायच्या आत परत यायचे. येताना पाण्याची बातमी आणायचे. "आज उधान हाय. दुपारच्याला गटार उलटं येनार," असं ते तळमजल्यावरच्या लोकांना सांगून जायचे. तळमजल्याचे लोक पायपुसणी उचलून ठेवायचे. नाक्यावरच्या वाण्याशी त्यांचं हिंदीत चालायचं. "शेठ, तुम्हारा तांदूल में खडा है, नीट देखके देव," असं काहीसं. शेठ मारवाडी होता, पण काकांची हिंदी त्याला समजायची आणि तो हसत हसत तांदूळ बदलून द्यायचा. मी एकदा त्यांना शांती नगरच्या बाजारात सोबत नेलं, तर पापलेटाचा डोळा बघून त्यांनी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "ही बर्फातच म्हातारी झालीय!" त्यानंतर दोन महिने मला त्या बाजारात तोंड दाखवायची चोरी झाली.

त्यांची आणखी एक खोड होती. पैसे आधी द्यायचे. न्हाव्याच्या खुर्चीत बसण्याआधी त्याच्या हातावर पैसे. चहा उकळत असतानाच टपरीवाल्याला पैसे. रिक्षात बसले की आधी भाडं पुढे करायचे. रिक्षावाला मागे वळून बघायचा, म्हातारा वाटेत उतरून पळणार की काय. सुमन चिडायची. "बाबा, काम झाल्यावर देतात पैसे." काका म्हणायचे, "आमी आयुष्यभर आधी खर्च टाकला. डिझेल टाकलं, बर्फ टाकला, खलाश्यांचं खानं टाकलं. मंग दर्यात गेलो. दर्या उधारी ठेवत न्हाय." त्यांच्या आवाजात फुशारकी नव्हती. पाणी खारट असतं असं सांगावं, तसं ते सांगायचे.

या सगळ्यात एक वाटा असा होता की ज्याबद्दल ते कधी बोलत नसत. त्याची गोष्ट मला सुमननं सांगितली. त्यांच्या बोटीवर धर्मा नावाचा खलाशी होता. वादळ नाही, वारा नाही, अशा एका साध्या दिवशी नांगराचा दोर ओढताना तो पाण्यात पडला आणि वर आलाच नाही. मागे बायको राहिली, जनाबाय, आणि एक लहान मुलगी. त्या फेरीनंतर मासळीचे वाटे घातले तेव्हा काकांनी धर्माचाही वाटा घातला. पाठमोऱ्यानं धर्माचं नाव घेतलं आणि तो ढीग जनाबायच्या टोपलीत गेला. पुढच्या फेरीलाही तसंच. त्याच्या पुढच्याही. बोट विकेपर्यंत एकही फेरी अशी गेली नाही की मेलेल्या धर्माचं नाव घेतलं गेलं नाही. जनाबायनं त्यावर घर चालवलं, मुलीचं लग्न केलं. बोट विकली, तसा तो वाटा थांबला. मग ती भाईंदरच्या बाजारात सुकट-बोंबील घेऊन बसू लागली. गुडघे गेले तरी बसत राहिली.

"बोट गेली त्याचं काय न्हाय," काका सुमनला एकदा म्हणाले होते. "धर्माचा वाटा बंद पडला."

आता त्या ईमेलची गोष्ट. मच्छीमारांच्या कुठल्याशा कार्डासाठी ईमेल लागतो म्हणून सुमनच्या नवऱ्यानं, किशोरनं, काकांच्या मोबाईलवर तो काढून दिला होता. कार्ड आलं की नाही ठाऊक नाही, पण ईमेल मात्र यायला लागले. कर्ज घ्या, चपला घ्या, गुडघ्याचं तेल घ्या. सुमनला ऑफिसची घाई, म्हणून काका संध्याकाळी मोबाईल घेऊन माझ्या दारात उभे राहायचे. "टीचरबाय, काय बोलतोय बघा जरा." मी वाचून दाखवायची. चपलांच्या जाहिरातीसुद्धा ते कुणाची तरी खुशाली ऐकावी तशा ऐकायचे.

त्या संध्याकाळचा ईमेल मराठीत होता. 'आदरणीय भाग्यवान विजेता महोदय,' अशी सुरुवात. कुठल्या तरी आंतरराष्ट्रीय लॉटरीत त्यांच्या ईमेल पत्त्याची यादृच्छिक निवड झाली होती, हे कळविण्यास कुणाला तरी अत्यानंद होत होता. खाली एका डॉक्टरची सही होती. बक्षिसाच्या आकड्यापुढे इतकी शून्यं होती की ओळ पुरली नव्हती. मला हसू आलं. मी म्हटलं, "काका, हे खोटं असतं. रोज लाखो लोकांना पाठवतात. पुसून टाकू?"

"थांबा," ते म्हणाले. "यादृच्छिक म्हंजी काय?"

"म्हणजे न बघता. आधी काही न ठरवता, जे हाताला लागेल ते नाव."

"म्हंजी पाठ फिरवून."

त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. त्यावर हाव नव्हती. हाव असती तर मला भांडायला सोपं गेलं असतं. कुणीतरी, कुठंतरी, आपल्याकडे पाठ करून उभं राहिलं आणि आपलं नाव घेतलं, हे त्यांना मुळीच नवलाचं वाटलं नाही. आयुष्यभर त्यांना जे मिळालं ते असंच मिळालं होतं. त्यांनी बक्षिसाचा आकडा विचारला नाही. विचारलं ते एवढंच, "ह्याचे सात वाटे सरल पडतील काय?"

सात म्हणजे एक बोटीचा, एक जाळ्याचा, एक तांडेलचा, तीन राहिलेल्या खलाशांचे, आणि एक धर्माचा. बोट आणि जाळं दोन्ही विकून झाली होती, पण वाट्याच्या रीतीत त्यांची जागा अजून होती.

दोन दिवसांनी दुसरा ईमेल आला. रक्कम तयार आहे, पण ती सोडवण्यासाठी आधी काही शुल्क भरावं लागेल. मी म्हटलं, "बघा! आता तरी पटलं? ज्याला एवढे पैसे द्यायचेत, तो तुमच्याकडे कशाला मागेल? म्हणावं, त्यातूनच कापून घ्या."

काका माझ्याकडे जरा कीव केल्यासारखे बघायला लागले. "बाय, बर्फवाल्याला मी बोललो, मासली येऊ दे, मंग त्यातून तुजा बर्फ कापून घे, तर तो देल काय? तुमी पगारवाली मानसं. तुमचं पैला काम, मागून पैसा. आमचं पैला पैसा, मंग काम, मंग देवाची मर्जी. खर्च मागतो, म्हंजी धंदा खरा हाय. फुकट देतो बोलला असता तर मी पन हसलो असतो."

मी निरुत्तर झाले नाही, मी कधीच होत नाही. मी तासभर बडबडले. सुमन आणि किशोर आले, तेही बडबडले. किशोरनं मोबाईलवर फसवणुकीच्या बातम्या दाखवल्या. सुमन रडली. काका ऐकत होते, मान हलवत होते. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एवढंच म्हणाले, "मी एकटा कोन ठरवनार? बोटीवरच्यांना विचारू."

रविवारी त्यांनी मलाच सोबत नेलं. ईमेल वाचून दाखवायला माणूस हवा म्हणून. मी मुद्दाम गेले. म्हटलं, हे ऐकत नाहीत, पण ते लोक ऐकतील. जेटीच्या अलीकडे, उलटी करून ठेवलेल्या एका होडीच्या सावलीत सगळे बसले होते. तिघे म्हातारे खलाशी आणि जनाबाय. जनाबाय अंगानं एवढीशी, पण हातात सोन्याच्या जाड पाटल्या. मी ईमेल वाचला आणि त्याच दमात सांगितलं की हे सगळं लबाडी आहे, एक पैसा देऊ नका.

त्यांनी माझं नीट ऐकून घेतलं. मग सगळ्यांनी माना वळवून तांडेलकडे पाहिलं.

काका म्हणाले, "टीचर शिकलेली हाय. ती बोलते, खोटं हाय. मना वाटतं, खरं हाय. ज्याला उतरायचं त्यानं आत्ताच उतरा. मागून बोलायचं न्हाय."

बाळाराम नावाचा खलाशी हसला. "तांडेल, तुमच्या बोलन्यावर आमी कालोखात जालं टाकलं. आता उतरायचं काय?"

जनाबायनं हातातली एक पाटली फिरवत, बरीच कसरत करून उतरवली आणि काकांच्या पुढ्यात ठेवली. काकांनी ती उचलली नाही. "तुजा खर्च मी टाकतो," ते म्हणाले. ती म्हणाली, "खर्च न टाकता वाटा घेतला तर ती भीक झाली. धर्मा गेल्यावर घेतला तो वाटा त्याच्या जिवाचा व्हता. ह्यो माजा हाय."

मग त्यांनी सुपाऱ्यांचे सात वाटे घातले, अजून न आलेल्या पैशाचे. जनाबायला पाठ फिरवून उभं केलं. काकांनी विचारलं, "ह्यो कोनाचा?" तिनं पहिलंच नाव घेतलं ते धर्माचं. तिघे म्हातारे रडले. खोटं कशाला सांगू, मला त्या पाठवणाऱ्या डॉक्टरला चपलेनं मारावंसं वाटलं.

पैसे गेले ते गोडदेव नाक्यावरच्या मोबाईलच्या दुकानातून. दुकानदार भला होता. त्यानं विचारलं होतं, "चाचा, ये किसको भेज रहे हो?" काका म्हणाले होते, "हमारे बोट का खर्चा है." त्यावर तो बिचारा काय बोलणार? हे सगळं मला नंतर त्याच्याच तोंडून कळलं.

मग रीतसर सगळं झालं. शुल्क भरलं, तर कर निघाला. कर भरला, तर कसलं तरी प्रमाणपत्र निघालं. दर वेळी काका जेटीवर जायचे, सगळ्यांना विचारायचे, आणि सगळे पुन्हा टाकायचे. "बर्फ वितळला की परत घालायला लागतो," ते म्हणायचे. किशोरनं एकदा तो ईमेलच बंद करून टाकला, तर काका चार दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. त्यांना वाटलं, जावई जनाबायच्या तोंडचा घास काढतोय. पाचव्या दिवशी बाळारामच्या सुनेकडून ईमेल पुन्हा सुरू करून आले. घरात ताटं वाजायची, पण बोलणं नव्हतं.

आणि मग तोच ईमेल मला आला. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी मोबाईल उघडला, तर 'आदरणीय भाग्यवान विजेता महोदय'. तोच डॉक्टर, तेच बक्षीस, तीच शून्यं. मी बाई आहे हेसुद्धा त्या मेल्याला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी मी घरी न जाता थेट काकांकडे गेले आणि दोन्ही मोबाईल त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. त्यांना अक्षर जुळवून वाचता यायचं. ते एका मोबाईलवर बोट ठेवून एक शब्द वाचायचे, मग दुसऱ्यावर तोच शब्द शोधायचे. आकड्यापर्यंत पोचले आणि थांबले.

"वाटा एकच," ते म्हणाले. "नावं दोन."

"हो, काका."

"पाठमोरा मानूस एका वाट्यावर दोन नावं घेत न्हाय." त्यांनी माझा मोबाईल माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "म्हंजी त्यानं पाठ फिरवलीच न्हाय. तो आमच्या तोंडाकडं बघत व्हता."

मी इतके दिवस डोकं फोडून जे सांगत होते, ते त्यांना त्यांच्याच रीतीनं कळलं, आणि कळल्याचा मला जराही आनंद झाला नाही. पोलिसात तक्रार केली. तिथल्या माणसानं नीट लिहून घेतलं, आजोबा आजोबा करून पाणी दिलं, आणि पैसे परत मिळण्याची आशा ठेवू नका हेही सांगितलं. काकांनी त्याला विचारलं, "तो कोन मानूस असंल?" तो म्हणाला, "कुठं बसलाय ते शोधणं अवघड आहे, आजोबा." काका मान हलवत उठले.

दुसऱ्या दिवशी ते जेटीवर गेले, मीही सोबत गेले. आपल्या खलाशांसमोर उभे राहून, तांडेल असताना कधी न म्हटलेलं वाक्य त्यांनी म्हटलं. "मी चुकलो." तिघांनी त्यांना खाली बसवलं. रिकाम्या फेरीचा खर्च सगळ्यांचा, तांडेल एकट्यानं भरत नाही, ही रीत त्यांनी तांडेललाच सांगितली. बाळारामनं चहा मागवला. या लोकांचं मोठं मन बघून मला वाटलं, चला, निभावलं. पण परत येताना पुलावर काका थांबले आणि म्हणाले, "दर्यानं नेलं असतं तर रिकामी फेरी. ह्यो मानूस व्हता, बाय. मानूस मना वलकता आला न्हाय." आणि जनाबाय तर त्या सकाळी आलीच नव्हती.

ते तिच्याकडे गेले. बाजारात, तिच्या टोपलीसमोर उकिडवे बसले आणि तिला सांगितलं की सगळं खोटं होतं. ती बोंबील निवडत राहिली. म्हणाली, "टीचरनं तुमच्या डोक्यात भरवलं." काका म्हणाले, "न्हाय, मी माज्या डोल्यांनी बगितलं." ती म्हणाली, "तुमी दमलाय. बोट विकली तवापासून तुमी दमलाय." मग हळूच विचारलं, "आता कितीचा खर्च मागतोय तो?"

त्या दिवसापासून काकांना दुसरा विचार नव्हता. पैसे गेले ते गेले. पण जनाबायच्या हातात अजून एक पाटली होती आणि ती आज ना उद्या मोडली जाणार होती, ती त्यांच्या शब्दावर. तेवढी वाचवायची होती. ते रोज बाजारात जायचे. कधी समजावून सांगायचे, कधी ओरडायचे, एकदा तर म्हणे भर बाजारात तिच्या पाया पडले. ती त्यांना पाणी द्यायची, बसायला पोतं द्यायची, आणि ऐकायची नाही. आयुष्यभर ज्याचा शब्द एकदाही खाली पडला नाही, त्या माणसाला आता आपलाच शब्द मागे घेता येत नव्हता.

इमारतीत त्यांनी वाटे घालणं बंद केलं. गौरी-गणपतीत तळमजल्यावर प्रसाद आला, आम्ही नेहमीसारखी परात त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी हात मागे घेतले. "तुमी वाटा," म्हणाले आणि जिना चढून वर गेले. आम्ही आपले पळ्या मोजून द्रोण भरले. कुणाला कमी, कुणाला जास्त.

मग त्यांचं जेवण तुटलं. सुमन त्यांच्या आवडीचं कालवण करायची, ते बोटानं चाटायचे आणि ताट सरकवायचे. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, छातीत पाणी झालंय. सुमननं हॉस्पिटलमध्ये ठेवलं. मी भेटायला गेले, तर नाकात नळी, आवाज अर्धा. इकडचं तिकडचं विचारलं, तर म्हणाले, "टीचरबाय, ती माजं आयकत न्हाय."

"मी सांगते तिला, काका."

"तुमी शिकवता ना? तिला शिकवा. मी सांगतो ते तिला सगलं खरं वाटतं." त्यांना दम लागला. जरा थांबून म्हणाले, "एवडंच खरं वाटत न्हाय."

मी बाजारात गेले. जनाबाय भेटली नाही. मुलीकडे गेली होती. ती परत यायच्या आत काका गेले. पहाटे, ओहोटी लागायच्या सुमारास, असं बाळाराम म्हणाला. आम्हाला इमारतीतल्यांना भरती-ओहोटी सांगणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी त्याचंच खरं धरलं. खाडीकाठच्या स्मशानात त्यांना नेलं. तिन्ही खलाशांनी खांदा दिला, आणि बाळारामनं तर शेवटपर्यंत खांदा बदलू दिला नाही. किशोर, ज्याच्याशी काका शेवटी धड बोललेसुद्धा नव्हते, तो लहान मुलासारखा रडला.

बाराव्यानंतर जनाबाय आली. जिना चढून तिला धाप लागली होती. सुमननं तिला खुर्ची दिली, पण ती जमिनीवरच बसली, भिंतीला टेकून. तिचे दोन्ही हात मोकळे होते. तिनं पदराची गाठ सोडली, नोटांची घडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"टीचर, तांडेलचा मोबाईल घ्या नि ह्ये भरा. दोगांचा खर्च हाय. माजा नि तांडेलचा. तो गेला म्हून त्याचा वाटा बुडवायचा न्हाय. सुमनला मिलाला पायजे."

सुमन तोंडाला पदर लावून आत गेली. मी जनाबायच्या जवळ बसले. काकांना वचन दिलं होतं, म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दोन मोबाईल, दोन नावं, पोलीस, सगळं. आवाज चढू दिला नाही. मला शिकवता येतं तेवढं मी शिकवलं. "जनाबाय, तो ईमेल खोटा होता. काकांनी स्वतः येऊन तुम्हाला सांगितलं होतं ना?"

ती मान हलवत ऐकत होती. तिला कळत होतं. मला वाटतं, तिला केव्हाच कळलं होतं. मी ती नोटांची घडी उचलली आणि तिच्या पदरात परत बांधली, तेव्हा तिनं हात आडवा घातला नाही.

"टीचर," ती म्हणाली, "धर्मा गेल्यावर मना सगले बोलले, आता तुजं कोन हाय? तांडेल बोलला, वाटा येल. तवापासून त्याचं एक बोलनं खोटं झालं न्हाय. आन् आता मी मानायचं, ह्यो वाटा खरा हाय बोलला तेवडंच खोटं झालं? तो गेल्यावर?"